काही लोक म्हणतील

केटल खट्‌कन बंद झाली तेव्हा आजोबांचं बोलून झालं होतं. हॅटीच्या हातातला पिवळा मार्कर मात्र कार्डावर तसाच टेकून राहिला होता आणि शाईचा डाग ‘प्रार्थना’ या शब्दावरून पसरत खालच्या ओळीपर्यंत पोचला होता. तसं पाहिलं तर घडलं काहीच नव्हतं. शाळा सुटल्यावर आजीआजोबांकडे यायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर परीक्षेच्या उजळणीची कार्डं पसरायची, आजोबांनी चहा ठेवायचा आणि प्रश्न विचारायचे, हे इस्टरच्या सुट्टीपासून रोज चाललं होतं. फक्त विरुद्ध बाजू आली की पाळी उलटायची. तिनं विचारायचं आणि त्यांनी सांगायचं. “‘देव प्रार्थना ऐकतो.’ या विधानाच्या विरुद्ध बाजू मांडा. बारा गुण. चला आजोबा, व्हा सुरू.” तिला वाटलं होतं, आजोबा गडबडतील, टक्कल खाजवतील, ‘पुरावा नाही’ एवढं पुटपुटून गप्प बसतील, मग ती धर्म शिकवणाऱ्या मिस अख्तरच्या आवाजात “मुद्दा फुलवून लिहा, विल्फ मेचिन!” म्हणेल आणि दोघं पोट धरून हसतील. विल्फ मेचिन म्हणजे तिचे आजोबा. जन्मभर इंग्लंडातल्या स्टोक शहराच्या रस्त्यांवर बस चालवली आणि दर रविवारी बर्सलेमच्या चॅपलमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चमध्ये, बिनपगारी उपदेश केला. देवाच्या विरुद्ध मनापासून बोलायची त्यांच्यावर कधी वेळच आली नसणार, असं हॅटी धरून चालली होती. त्यांनी केटलकडे बघत एका दमात सांगून टाकलं.

“काही लोक म्हणतील, हॉस्पिटलात शेजारीशेजारी दोन खाटा असतात. दोन्हींवर बायका. चॅपलची सगळी माणसं जमून दोघींसाठी प्रार्थना करतात. प्रार्थना एकच. वाक्यसुद्धा एकच. हिला बरं कर आणि तिला बरं कर. ही उठून घरी येते. ती येत नाही. ही प्रार्थनेनं उठली म्हणायचं, तर ती का नाही उठली? देवानं ‘आणि’पर्यंतच ऐकलं का? बरं, त्याची इच्छा म्हणावं, तर ती आधीच ठरलेली होती, आम्ही माना कशाला खाली घालून बसलो होतो? आणि नशीब म्हणावं, तर मग हीसुद्धा नशिबानंच उठली. आभार कुणाचे मानायचे?” मग त्यांनी कपाटातून डबा काढला आणि विचारलं, “साखर किती, डक?”

या शहरात पोरीबाळींपासून हवालदारापर्यंत सगळ्यांना ‘डक’च म्हणतात, त्यात काही नवीन नव्हतं. पण हॅटी चहात साखर घेत नाही. कधीच घेतली नाही, आणि हे आजोबांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, “एक चमचा.” का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही. तो गोडमिट्ट चहा ती कपाच्या तळापर्यंत प्यायली, आणि पिताना तिच्या लक्षात आलं की आजोबांनी सुरुवात ‘काही लोक’ अशी केली होती आणि शेवटी शेवटी ते ‘आम्ही’ म्हणाले होते.

हा ‘आम्ही’ तिच्या चांगलाच ओळखीचा होता. त्यानंच तिचा घात केला होता. जानेवारीतल्या सराव परीक्षेत धर्माच्या पेपरात तिनं सगळीकडे ‘आम्ही मानतो’, ‘आम्ही प्रार्थना करतो’ असं लिहिलं होतं आणि मिस अख्तरनं प्रत्येक ‘आम्ही’भोवती हिरवं वर्तुळ काढून समासात विचारलं होतं, ‘हे आम्ही कोण?’ लिहायचं असतं ‘काही ख्रिस्ती लोक मानतात’. पण ते एक वेळ चाललं असतं. खरं बुडवलं होतं बारा गुणांच्या प्रश्नानं. त्यात विधान दिलेलं असतं, त्याची एक बाजू लिहायची, मग विरुद्ध बाजू लिहायची, मग कारणं देऊन निष्कर्ष. हॅटीनं नुसती एकच बाजू लिहिली होती, पानं भरभरून. दुसरी बाजू तिला येत नव्हती असं नाही. शेजारच्या रीसनं देव-बीव सगळं झूट आहे असं ठणकावून लिहिलं, वर मेहेरबानी केल्यासारखी श्रद्धाळूंची बाजूही लिहिली आणि बाराच्या बारा मिळवले. हॅटीला दुसरी बाजू लिहायची लाज वाटली होती. म्हणजे कसं, की आजोबा चॅपलमध्ये उभे आहेत आणि आपण खाली बसून त्यांच्या पाठीमागे वेडावून दाखवतोय. वर्गात देवावर विश्वास असलेली ती जवळजवळ एकटीच, आणि धर्मात नापासही तीच. “एकाच बाजूचं उत्तर अर्ध्याच्या वर जात नाही, हॅटी,” मिस अख्तर म्हणाली होती. “मी रोजे धरते, आणि तरी दरवर्षी अल्ला नाही याची कारणं फळ्यावर लिहिते. मला काही होत नाही. तुलाही होणार नाही.” हॅटीनं मान डोलावली होती. पण मिस अख्तरचे आजोबा काही चॅपलमध्ये उपदेश करत नव्हते.

आणि पास तर व्हायचंच होतं. कॅमेरा आणि संकलन शिकवणाऱ्या कॉलेजनं तिला जागा देऊ केली होती ती पाच विषयांत पास होण्याच्या अटीवर. इंग्रजी भाषा आणि साहित्य, हे दोन होतील. विज्ञानावर तिनं कधीच पाणी सोडलं होतं, गणित रामभरोसे होतं, तेव्हा उरलेल्या बिझनेस, मीडिया आणि धर्म या तिघांमधला एकही सुटून चालणार नव्हता. या वेळी जमलं नाही, तर आई कामाला जाते त्या गोदामात पार्सलांवर पट्ट्या चिकटवायच्या. आई स्वतःच म्हणायची, “मी चिकटवते तेवढ्या पुरेत घराण्याला.” मार्चमध्ये हॅटीनं हे सगळं आजोबांच्या पुढ्यात मांडलं, फक्त लाज वाटते हे न सांगता, आणि आजोबा म्हणाले होते, “मग दुसरी बाजू मी होतो. तू ऐकून घे आणि लिही. म्हाताऱ्याच्या तोंडून आलं की काही वाटणार नाही.” इतके आठवडे ती दुसरी बाजू अशीच गंमतीची होती. विश्व आपोआप झालं, माणूस माकडापासून आला. पुस्तकातली वाक्यं आजोबा बसमधल्या उतारूंना ओरडल्यासारखी म्हणायचे. आजच्या दोन खाटा कुठल्याच पुस्तकात नव्हत्या.

ती कालव्याच्या कडेनं घरी चालत निघाली. एका नावेवर कुणीतरी कांदा परतत होतं. तिला राग आला होता. कुणाचा, ते ठरत नव्हतं. आजोबांचा विश्वासच नसेल, तर मग मी कुणासाठी ते गुण सोडले? हा विचार तिला इतका क्षुद्र वाटला की तिनं तो लगेच परतवला, पण त्याच्यामागे दुसरा उभाच होता. बिझनेसच्या पुस्तकात एकट्याच्या धंद्याविषयी लिहिलं होतं की तो बुडाला तर नुसता धंदा बुडत नाही, मालकाचं घरदारही जातं. आजोबांनी आपलं घरदार त्या चॅपलवरच उभं केलेलं. आजी त्यांना भेटली चॅपलच्या सहलीत, आईचं नाव ठेवलं चॅपलमध्ये, हॅटीचंही. शनिवारी दुपारी ते बिछान्यावर कागद पसरून उपदेश लिहीत आणि लहानगी हॅटी त्यांच्या पायांवर बसून ऐकत असे, शब्द कळत नसत, पण आवाज पोटात गुंजायचा. त्या आवाजातलं काही खोटं होतं? तिनं आठवून पाहिलं. काही सापडलं नाही. सापडली ती भलतीच गोष्ट. चॅपलमध्ये आजारी माणसांसाठी प्रार्थना म्हणताना आजोबा मध्येच अडकत. एकेक नाव घेत घेत ‘आणि’पर्यंत येत, आणि पुढचं नाव विसरत. एवढ्या शांततेत कुणाच्या तरी पोटातलं गुरगुरणं ऐकू यायचं. मग आजी खोकायची, आजोबा ‘आमेन’ म्हणायचे आणि घरी जाताना आई म्हणायची, “आज पुन्हा बाबांची बस बंद पडली वाटतं.” घरातला जुना विनोद होता तो. हॅटी स्वतः त्यावर कितीदा हसली होती. कालव्याच्या पुलाखाली आल्यावर ती थांबली. ‘देवानं “आणि”पर्यंतच ऐकलं का?’ पुलाखाली बोललं की आवाज परत येतो म्हणून ती तोंड घट्ट मिटून उभी राहिली.

शुक्रवारी बिझनेसचा पेपर होता. त्यात मार्था नावाची बाई केक विकत होती आणि तिनं दुसरं दुकान काढावं की घरपोच माल द्यावा, हे हॅटीनं कारणांसह सुचवायचं होतं. हॅटीनं दुसऱ्या दुकानाच्या बाजूनं लिहिलं, मग त्याविरुद्ध लिहिलं, मग घरपोचच्या बाजूनं, मग त्याविरुद्ध. हात दुखेस्तोवर लिहिलं. मार्थाचं भलं होवो की वाटोळं, हॅटीच्या काळजाला काहीच होणार नव्हतं. व्यायामशाळेत मांडलेल्या बाकांच्या रांगा, वर बास्केटबॉलची जाळी, पुढे रीसची मान, आणि या सगळ्यात हॅटीला एकदम स्वच्छ दिसलं की दोन्ही बाजू लिहिणं अजिबात कठीण नसतं. कठीण असतं ते कुणाच्या तरी मायेपोटी. ते कळलं म्हणून सोपं मात्र झालं नाही. बाहेर आल्यावर रीस म्हणाला, “मार्थाचं मी दिवाळं काढलं. तू?”

“मी तिला घरपोच पाठवली.”

“सोमवारी धर्माच्या पेपरात देवालाही पाठव मग. नाहीतर बसशील पुन्हा आम्ही-आम्ही करत.”

“तू तुझी बाजू सांभाळ,” हॅटी म्हणाली. “मी या वेळी दोन्ही लिहिणार आहे. बघशील तू.” बोलताना आवाज जरा जास्तच चढला, आणि रीस दचकून बाजूला झाला. तिनं मनाशी ठरवलं की सोमवारच्या आत आजोबांना विचारायचं. विचारल्याशिवाय तिला ती बाजू लिहिता आली नसती. लिहिली असती तर ती चोरी झाली असती, त्यांच्या खिशातून काढून घेतल्यासारखी.

शनिवारी आजोबा हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोलिंगच्या खेळाला गेलेले. हॅटी मीडियाची कार्डं घेऊन त्यांच्या बैठकीत बसली होती. चित्र कसं वाचायचं: उजेड कुठून येतो, कोण उभं आहे, कोण बसलं आहे, चौकटीत काय घेतलं आहे, कडेला काय कापलं आहे. समोरच्या भिंतीवर फोटो होते. तिनं सवयीनं त्यातला एक उचलून मांडीवर घेतला. आजीचा हॉस्पिटलातला फोटो, हॅटी जन्मल्यापासून तो त्याच खिळ्यावर होता. तरुण आजी खाटेवर उशीला टेकून बसलेली, गाल आत गेलेले, हसू कानापर्यंत. भोवती चॅपलची मंडळी, कोट घातलेली, पायाशी तेव्हा दुसरीत असलेली हॅटीची आई फ्रॉक ओढत उभी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड. आजवर हॅटीनं एवढंच पाहिलं होतं. आता तिची नजर शिकवल्याप्रमाणे कडेला गेली. उजव्या कडेला दुसऱ्या खाटेचा लोखंडी दांडा होता, आणि त्या दांड्यावर निळ्या लोकरीच्या बाहीतला एक हात. हात आजीच्या खाटेकडे वळलेला होता. बाकीची बाई कापली गेली होती.

“हात कुणाचा गं, आजी?”

आजी पलीकडे स्वयंपाकघरात पीठ भिजवत होती. ओटकेकचं, म्हणजे ओटच्या धिरड्यांचं, पीठ ती आदल्या दिवशीच भिजवते आणि त्याच्याशी बोलतेही. तिनं मान वर केली नाही. “डोरीनचा. डोरीन पॉडमोर. माझी अपेंडिक्स फुटून अंगभर विष गेलेलं, नि तिचं ऑपरेशन अगदीच किरकोळ होतं. ती मलाच धीर द्यायची. तिची उशी तिनं मला दिली होती, फोटोत माझ्या पाठीशी आहे ना, ती. मंगळवारी फोटो काढला. शुक्रवारी ती गेली.”

“आजोबा याबद्दल कधी काही बोलत नाहीत?”

“नाही गं बाई, माझ्याशीसुद्धा नाही बोलत तो.” आजीनं चमचा भांड्याच्या कडेवर आपटला. “पहाटेची पहिली बस रिकामी असते. आत कुणी नसतं, मग बडबडत बसायचा. ‘आणि’नंतर काय झालं, ‘आणि’नंतर काय झालं. मी एकदा मागे बसले होते, आईकडे जायला म्हणून. त्याला वाटतं मला ऐकू आलं नाही. नवरा बसचालक असला तरी बायकोला मागच्या सीटवरून सगळं ऐकू येतं.”

“मग तू खोकतेस कशाला चॅपलमध्ये?”

आजीनं आता वर पाहिलं. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच, खडखडीत. “मग काय करू? त्याला तिथंच उभा ठेवू? मी वाचलेय ना. माझं वाचणं त्याला एवढं जड झालंय, आणि मला ते खाली ठेवायला सांगता येत नाही. मग खोकते.” तिनं भांड्यावर झाकण घातलं. “विचार त्याला. पण चॅपलनंतर विचार. आधी विचारशील तर उपदेशात पार घोळ घालेल.”

हॅटीनं फोटो परत खिळ्यावर लावला. तिला आजीला मिठी मारायची होती, पण आजीच्या हाताला पीठ होतं, आणि आजीनं तेच कारण पुढे केलं असतं. म्हणून ती मागून जाऊन तिच्या पाठीला नुसती टेकून उभी राहिली. आजी म्हणाली, “जड आहेस गं,” आणि हलली नाही.

रविवारी चॅपलमध्ये बोटांवर मोजण्याइतकी डोकी. हीटरचा जळका वास, जुन्या गीतांच्या पुस्तकांचा वास. हॅटी ऐकत होती आणि प्रत्येक वाक्यानंतर तिच्या डोक्यात आपोआप उमटत होतं, ‘काही लोक म्हणतील’. आजोबा म्हणाले देव जवळ आहे, आणि काही लोक म्हणाले तर मग तो बोलत का नाही. तिला भीती वाटली की आता हे कधीच थांबणार नाही, की पास होण्याच्या नादात तिनं एक असं यंत्र चालू केलंय की ते बंद करायची कळच नाही. मग आजाऱ्यांची प्रार्थना आली. आजोबांनी नावं घेतली. गुडघ्याच्या ऑपरेशनचे आल्बर्ट. शेजारच्या बाईंचं बाळ. “आणि—” आजोबा म्हणाले आणि थांबले. हॅटीनं डोळे उघडले. त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ बंद होते, आणि चेहरा विसरलेल्या माणसाचा मुळीच नव्हता. इतकी वर्षं ते असे समोर उभे होते, सगळ्यांच्या देखत, आणि इतकी वर्षं सगळं घर हसत होतं. तिला स्वतःची भयंकर शरम वाटली. शेजारी आजीनं श्वास घेतला, खोकायला. हॅटीनं तिच्या हातावर हात ठेवला. आजी खोकली नाही. शांतता लांबत गेली, कुणाचं तरी पाऊल वाजलं, हीटर टिकटिकला. शेवटी आजोबांनी स्वतःच डोळे उघडून ‘आमेन’ म्हटलं आणि जरा चकित होऊन या दोघींकडे पाहिलं.

उपासना झाल्यावर चहाचे कप मागच्या मोरीत आजोबाच धुतात. हॅटीनं फडकं घेतलं. तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते ती पार विसरून गेली आणि म्हणाली, “तुम्ही नाव विसरत नाही.”

“नाही,” आजोबा म्हणाले. कप धूतच राहिले. “आजी बोलली वाटतं.”

“तुम्हीच बोललात. गुरुवारी. ‘काही लोक’ म्हणालात आणि मग ‘आम्ही’ म्हणालात.”

“मिस अख्तरनं वर्तुळ काढलं असतं.” ते हसले, आणि मग हसू गेलं. “नाव तोंडाशी येतं गं दर वेळी. पण बरी कर म्हणायला ती आजारी राहिलेली नाही. आणि गेलेल्यांसाठी मागणं आपल्या चॅपलमध्ये करत नाहीत, त्यांचं ते देवाकडे सोपवायचं, अशी आपली रीत. मग मी ‘आणि’ म्हणतो आणि गप्प बसतो. तेवढी जागा तिची. तिचं पोर तुझ्या आईच्या वर्गात होतं, डक. रोज बसमध्ये चढायचं. त्याला मी काय सांगणार होतो, की माझ्या बायकोचं नाव आधी घेतलं गेलं?”

“मग तुमचा विश्वास आहे की नाही?” प्रश्न इतका उघडा बाहेर पडला की तिनं तो परत घ्यायला हात पुढे केल्यासारखा केला. कप निसटता निसटता राहिला.

आजोबांनी नळ बंद केला. “असतो काही दिवस. काही दिवस नसतो. पण कुणी आजारी पडलं की भेटायला जातो, प्रार्थना म्हणतो. त्या दिवशी कुठला दिवस चाललाय ते मी बघत नाही.” त्यांनी ओले हात पँटला पुसले, जे आजीला अजिबात खपत नाही. “तुला याचा त्रास झाला का?”

“झाला,” हॅटी म्हणाली. “मला तुमच्याविरुद्ध लिहायचं नव्हतं. म्हणून मी नापास झाले जानेवारीत. मला लाज वाटत होती.”

हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मोरीच्या कडेला हात टेकून तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवेना म्हणून तिनं कोरडा कप पुन्हा पुसायला घेतला. “माझ्यामुळे?” ते म्हणाले. “अरे देवा. आणि मी तुला दुसरी बाजू शिकवायला बसलो गंमत म्हणून.” मग, बस उतारावर सांभाळून घ्यावी तसे जपून, ते म्हणाले, “हे बघ. उद्या लिही. नीट लिही, मुद्दा फुलवून. ती बाजू मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, रिकाम्या सीटांना सांगत राहिलो. कुणीतरी एकदा वाचू दे तरी.”

सोमवारी सकाळी पाऊस होता आणि व्यायामशाळेत ओल्या कोटांचा दमट वास भरला होता. हॅटीनं एक गुणाचे, दोन गुणांचे प्रश्न चटाचटा उरकले. इस्लाममधले दानाचे नियम लिहिले, बाप्तिस्म्याविषयी लिहिलं, कुठंही ‘आम्ही’ येऊ दिला नाही. मग पान उलटलं. ‘एवढं दुःख आणि आजारपण असताना प्रेमळ देव आहे असं म्हणता येत नाही. या विधानाचं मूल्यमापन करा.’ तिनं पेन खाली ठेवलं, उचललं, आणि ‘काही लोक म्हणतील’ असं लिहून दोन खाटा लिहिल्या. एक प्रार्थना, एक वाक्य, आणि ‘आणि’नंतरची बाई. उशी लिहिली नाही, ती आजीची होती. हात झरझर चालत होता. लाज येईल म्हणून ती वाट बघत होती, ती आली नाही. आला तो एक विचित्र अभिमान, आजोबांच्या वतीनं, की बघा, केवढा मोठा प्रश्न विचारलाय या माणसानं आणि तोही पहाटे, बस चालवताना.

मग तिनं ‘याउलट’ लिहिलं आणि घोडं अडलं. जी बाजू आजवर पानं भरून यायची तिच्यात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. देव प्रेमळ आहे कारण पुस्तकात तसं म्हटलं आहे. माणसाला त्यानं स्वातंत्र्य दिलं आहे. दोन खाटांशेजारी ही वाक्यं ठेवली की ती वर्गात पाठ केल्यासारखी वाजत होती. मागे कुणीतरी जास्तीचा कागद मागितला. पुढे रीसची मान खाली वाकून भराभर हलत होती. पुन्हा एकाच बाजूचं उत्तर, हॅटीला वाटलं, या वेळी भलत्याच बाजूचं, आणि तिला रडू फुटायला आलं. नाही, ती मनात म्हणाली. मी दोन्ही लिहिणार आहे. मी सांगितलंय तसं. तिनं डोळे मिटले, आणि तिला आजोबा मिटल्या डोळ्यांनी उभे दिसले, बंद ओठांचे. तिनं लिहिलं: ‘याउलट, काही ख्रिस्ती लोक उत्तर मिळालं नाही तरी प्रार्थना सोडत नाहीत. एक माणूस अनेक वर्षं दर आठवड्याला मेलेल्या एका बाईसाठी जागा ठेवतो. तिचं नाव घेण्याची त्याच्या चॅपलची रीत नाही, म्हणून तो नुसता थांबतो. देव तिला विसरला असेल तर निदान आपण विसरू नये, असं त्याला वाटत असेल. किंवा देवही तिथंच थांबत असेल, असं त्याला वाटत असेल. ज्याला काहीच वाटत नाही तो माणूस असा थांबणार नाही.’ पुढे तिनं संदर्भ घातले, कारण संदर्भांना गुण असतात. दुःखी माणसाजवळ बसण्याविषयीचं वचन घातलं. शेवटी ‘एकूण पाहता’ लिहिलं, आणि निष्कर्ष कारणांसह, कुणाकडूनही उसना न घेता, एका दमात लिहून काढला. देखरेखीच्या बाई ‘पेनं खाली’ म्हणाल्या तेव्हा तिच्या मधल्या बोटावर शाईचा निळा फोड उठला होता.

शाळेसमोरच्या बसथांब्यावर आजोबा उभे होते, टोपीवरून पाणी निथळत. ते कधीच यायचे नाहीत. हॅटीला पाहून त्यांनी हात वर केला आणि मग, जास्त झालं असं वाटून, खाली घेतला.

“आला का?” त्यांनी विचारलं.

“आला.”

“लिहिलंस?”

“सगळं. नावं नाही घातली.”

आजोबांनी मान हलवली. रस्त्याकडे बघत, जणू बस येतेय का एवढंच बघायचंय अशा आवाजात, त्यांनी विचारलं, “मला कुठल्या बाजूला घातलंस?”

“दोन्ही,” हॅटी म्हणाली. “गुण दोन्हींना असतात.”

त्यांनी टोपी काढली, पाणी झटकलं, पुन्हा घातली. तेवढ्यात एकदा तोंड फिरवून डोळे पुसले, आणि ते पावसाचं पाणी होतं असं हॅटीनं धरून चालायचं ठरवलं. लांब वळणावर बस दिसली.

“मग पास होशील,” ते म्हणाले. “चल, आजीनं ओटकेक करून ठेवलेत. चीजचे आणि—”

ते थांबले. हॅटीही थांबली, खोकली नाही, काही सुचवलं नाही. बस जवळ आली तसा आजोबांनी ती थांबवायला हात बाहेर काढला.

“आणि बेकनचे,” ते म्हणाले.